राखाडी सुबारू, टॅग आहे, ठीक

सकाळी सव्वानऊला मन्रो रस्त्यावर मी एका परक्या माणसाच्या गाडीत हात घालून त्याचा टॅग फाडला, आणि साडेदहाला मला उरलेल्या दिवसाची सुट्टी मिळाली. सुट्टी म्हणजे हाकलणंच. आमच्या पार्किंग विभागात हाकलतानासुद्धा आवाज गोड ठेवायची पद्धत आहे. लुएला, माझी वरिष्ठ, म्हणाली की अकरा वर्षांत तुझ्याविरुद्ध एक तक्रार नाही मार्नी, आज काय झालं. मी म्हटलं काही नाही. खरं तर जे झालं ते इतकं लहान होतं की सांगताना मलाच लाज वाटली असती. लाल पिकअप, मीटर संपून वीस मिनिटं झालेली, ड्रायव्हरची काच उघडी, आणि समोर काचेखाली जंगलातल्या मुक्कामाच्या परवान्याचा नारिंगी टॅग पडलेला. टॅगवर काळ्या मार्करने तारीख, मागच्या ऑक्टोबरची. आता एप्रिल चालू आहे. गाडीचा मालक कॉफी घेऊन आला, दाढीवाला, हसरा. मी त्याला मीटरबद्दल एक अक्षर बोलले नाही. म्हटलं, तो टॅग काढा. तो म्हणाला, आठवण म्हणून ठेवलाय, मस्त ट्रिप झाली होती. मी म्हटलं, तारीख गेली, काढा. तो म्हणाला, "बाई, तुम्ही मीटरचं बघा की. जंगलाची राखण तुमच्याकडे कधीपासून आली?" तो हसला, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हात आत गेला कधी आणि कागद फाटला कधी ते मला कळलंच नाही. चार तुकडे माझ्या हातात होते आणि त्याच्या कॉफीचे शिंतोडे माझ्या बुटांवर.

शहराची गाडी जमा करून मी माझ्या गाडीत येऊन बसले. माझी म्हणजे हॉलिसची. राखाडी सुबारू, मागच्या दाराला पोचा, आत अजून ओल्या कुत्र्यासारखा वास, खरं तर हॉलिसने कुत्रा कधी पाळला नाही. माझा धाकटा भाऊ. तीन वर्षांपूर्वी सप्टेंबरात हॅलोवे रिजच्या जंगली पार्कात पायवाटेवर गेला आणि आला नाही. त्याची गाडी आली. पार्कवाल्यांनी ती धुऊन पाठवली, हे मला आजही पटत नाही. कुणी सांगितलं होतं धुवायला? काचेखालचे टॅग मात्र त्यांनी एका पाकिटात घालून दिले होते, सात टॅग, सात वेगवेगळ्या तारखांचे. हॉलिस जुना टॅग कधी काढायचा नाही. नवा आला की जुन्यावर ठेवायचा. मुक्कामाला गेला की नारिंगी, आणि नुसता दिवसभराचा गेला की काहीच नाही, कारण दिवसाच्या फेरीला टॅग लागत नाही. मी त्याला म्हणायचे की तुझ्या काचेखाली गालिचा झालाय तिकिटांचा. तो म्हणायचा, "कोतवालीणबाई, तुमची हद्द शहरापुरती. डोंगरात कोण बघतंय?" आणि मी हसायचे. बाकीच्या जगाला मी एक मिनिट सोडत नसे, याला मात्र सोडलं. त्या सात टॅगांपैकी एक जरी मी त्याच्या डोळ्यांदेखत फाडला असता तर तो चिडला असता, आठवडाभर बोलला नसता, आणि आज जिवंत असता. हे मी आईला कधी बोलून दाखवलेलं नाही. आईला दोषी म्हणून सांगायला माझ्याकडे दुसरा माणूस आहे.

त्या माणसाचं नाव वेंडल प्रूइट, तेव्हाचा पार्कातला रेंजर. त्याच्या हातची एक ओळ माझ्या पर्समध्ये असते, झेरॉक्स. ती मिळवायला मला आठ महिने अर्ज करावे लागले. पार्कातल्या रेंजरांची एक रीत आहे. रविवारी संध्याकाळी प्रत्येक पायवाटेच्या तोंडाशी जायचं, उभ्या असलेल्या गाड्या बघायच्या, वहीत लिहायच्या. मुक्कामाचा टॅग असेल तर ठीक. टॅग नसेल तर ती गाडी दिवसाची, मालक आत अडकला असेल, मग चौकशी. किती साधं काम आहे. मी तेच करते, रोज चारशे गाड्या. हॉलिस शनिवारी सकाळी दिवसाच्या फेरीला गेला, ओढ्याच्या कड्यावरून घसरला, पाय मोडला. त्याची गाडी शनिवारी तिथे, रविवारी तिथे. रविवारी संध्याकाळी पाच चाळीसला प्रूइटने लिहिलं: राखाडी सुबारू, टॅग आहे, ठीक. खाली गाडीचा नंबर. टॅग होता, तीन आठवड्यांपूर्वीचा. त्याच्या खालची ओळ पुढच्या पायवाटेची, वेळ पाच चव्वेचाळीस. चौकशीच्या अहवालात म्हटलंय की पाहणी नेहमीच्या पद्धतीने झाली. मी स्वतः हीच गाडी घेऊन त्या दोन ठिकाणांमधलं अंतर तोडून आले आहे, तीन वेळा. न थांबता चार मिनिटं लागतात. म्हणजे हा माणूस गाडीतून उतरलाच नाही. काचेतून नारिंगी रंग दिसला, चालत्या गाडीत लिहिलं, निघाला. पाऊस भुरभुरत होता म्हणे. अकरा वर्षं मी बर्फात, चिखलात, शिव्या खात गाडीजवळ वाकून तारीख वाचते, आणि हा पावसाला भ्याला. डॉक्टर म्हणाले हॉलिस सोमवारी रात्रीपर्यंत जिवंत होता. मी त्या वाक्याशी भांडून भांडून थकले, ते तसंच राहिलं.

सोमवारचं मात्र मी कुणाला सांगत नाही. सोमवारी संध्याकाळी सहाला आईचा फोन आला होता. हॉलिस जिथे सायकली दुरुस्त करायचा त्या दुकानाच्या मालकाने तिला विचारलं होतं की तो आज कामावर का नाही आला. आई म्हणाली, रविवारी जेवायलाही आला नाही गं. मी तेव्हा बूट काढत होते, दिवसभर कुणीतरी माझ्यावर ओरडलं होतं, आणि मी म्हटलं, येईल गं, तुला माहीत नाही का तो. आम्ही मंगळवारी सकाळी पार्काला फोन केला. सोमवारी सहा ते सोमवारची रात्र, या मधल्या तासांचं काय करायचं ते मला कळत नाही, म्हणून मी ते सगळे उचलून प्रूइटच्या माथी मारते. तिथे ते बसतात. तिथे जागाही आहे.

घरी जायचं नव्हतं, तरी गेले. आईचं घर म्हणजे माझंही, हॉलिस गेल्यावर मी तिच्याकडेच राहायला आले. ती लेफ्सा लाटत होती, चर्चच्या जेवणासाठी, बटाट्याच्या त्या पातळ पोळ्या. ओट्यावर सगळीकडे पीठ. इतक्या लवकर कशी आलीस, तिने विचारलं नाही. माझ्या खुर्चीवर मात्र तिने लिफाफा काढून ठेवला होता, माझ्या कपाटातून. कॉलेजचा लिफाफा. आत अर्ज: पार्क रेंजरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम, आज दुपारी माहितीची बैठक आणि संध्याकाळी पाचपर्यंत शेवटची मुदत. मी तो नाव, पत्ता, जन्मतारीख सगळं घालून महिनाभर तसाच ठेवला होता. खालचा भाग तेवढा रिकामा, त्यात दोन चौकोन. एक कायदा आणि सुरक्षा, त्यात बिल्ला मिळतो, पिस्तूल मिळतं, माणसांना अडवायचा अधिकार मिळतो. दुसरा गस्त आणि शोध-बचाव, त्यात पाय दुखतात. दोन्हींपैकी एकावर खूण करायची आणि खाली सही, आईचं नाव, तारीख. आई लाटणं न थांबवता म्हणाली, हे आज कचऱ्यात टाकून दे. मग ती म्हणाली की सदतीस वर्षांची झालीस, शहराची पक्की नोकरी आहे, म्हातारपणाची सोय आहे, ती सोडून दोन वर्षं पोरांबरोबर बाकावर बसणार आणि नंतर काय, तर उन्हाळ्यापुरतं काम, ऑक्टोबर आला की घरी बस. हे सगळं बरोबरच होतं. मीही तेच हिशेब शंभरदा केले होते. मग तिने लाटणं ठेवलं.

"ज्यांनी तुझा भाऊ घालवला त्यांचीच टोपी घालणार तू?"

"त्यांची टोपी कुणीतरी नीट घालायला नको?"

"खोटं बोलू नकोस मार्नी. तुला नीट घालायची नाहीये. तुला त्यांच्या टाळक्यात हाणायचीय."

माझी आई कधी आवाज चढवत नाही, म्हणून तिचं बोलणं जास्त लागतं. मी लिफाफा उचलला आणि निघाले. तिने मागून एक गरम लेफ्सा कागदात गुंडाळून हातात दिली, लोणी आणि साखर लावून, हॉलिसला आवडायची तशी. रागावलेली असली तरी तिला कुणाला उपाशी धाडता येत नाही. मलाही ती नाकारता आली नाही, याचा मला आणखी राग आला.

ती बरोबर बोलली होती. कॉलेजला जाताना पूर्ण रस्ताभर मी हेच स्वतःशी घोळवत होते. थंडीत रस्त्यावर टाकलेली वाळू अजून झाडलेली नव्हती, चाकांखाली करकरत होती. लोकांना वाटतं मी हे भावासाठी करते. लुएलाला वाटतं. चर्चमधल्या बायका तर माझा हात हातात घेऊन म्हणतात की किती सुंदर, त्याची आठवण जपतेस. मी जपत वगैरे नाही. मला बिल्ला हवाय. मला वेंडल प्रूइटसारख्या माणसाच्या गाडीसमोर उभं राहून म्हणायचंय, उतरा खाली. पार्कातलं झाड, पक्षी, तारे, यातलं मला काही येत नाही. हॉलिसला यायचं. तो मला एकदा घेऊन गेला होता हॅलोवेला, मी सबंध वेळ पायवाटेच्या तोंडाशी उभ्या असलेल्या वाकड्या गाड्यांबद्दल बोलत राहिले आणि तो पोट धरून हसला. वर गेल्यावर त्याने मला हकलबेरीची जांभळी रानफळं तोडून दिली, ओंजळभर, आणि म्हणाला की इथे कुणी तुला शिव्या देणार नाही मार्नी, इथे तू राणी. तेवढा एकच दिवस. त्या दिवसानंतर महिनाभर माझ्या अंगाला त्या फळांचा वास येतोय असं मला वाटायचं, आणि मी कुणाला सांगितलं नाही. हे आठवलं की रागाला भोक पडतं, म्हणून मी ते आठवू देत नाही.

या कॉलेजला मी आधी एकदा आले होते. मागच्या वर्षी एप्रिलमध्ये, अशाच माहितीच्या बैठकीला. फाटकावरच्या चौकीतल्या बाईने हिरवा टॅग दिला होता, पाहुण्यांचा, तो आरशाला लटकवून मी गाडी लावली. विभागाच्या दारावर शिक्षकांची नावं होती. तिसरं नाव वेंडल प्रूइट, शोध-बचाव. मला वाटलं दुसराच कुणी असेल. मग दाराच्या काचेतून भिंतीवरचा फोटो दिसला, रेंजरच्या टोपीतला, आणि तोच निघाला. पार्कची नोकरी सोडून हा इथे शिकवायला आला होता. माझा भाऊ मातीत आणि हा फळ्यापाशी. मी परत येऊन गाडीत बसले. दीड तास. उतरून आत जाऊन काय बोलायचं ते मी शब्दन् शब्द ठरवलं, आणि मग किल्ली फिरवून घरी गेले. एक वर्ष मी स्वतःला त्याबद्दल भित्री म्हणत आले.

आज फाटकावर कुणी नव्हतं. दांडा वर होता. मी तशीच आत घुसले, तिसऱ्या रांगेत शेवटून दुसऱ्या जागी गाडी लावली, आणि या वेळी दारावरची नावं न वाचता थेट आत गेले.

वीसेक माणसं होती, बहुतेक अठरा-एकोणिसाची. भिंतीवर नकाशे, कोपऱ्यात पेंढा भरलेलं अस्वल, त्याच्या गळ्यात कुणीतरी शिट्टी अडकवलेली. माझ्या शेजारी भुवईत बाळी घातलेली एक पोरगी होती, टेसा म्हणून, तिने मला विचारलं की तुम्ही कुणाच्या आई का. मी म्हटलं नाही. तेवढ्यात प्रूइट आला. तीन वर्षं मी या माणसाला मनात इतकं वाढवून ठेवलं होतं की खरा आला तो मला अपुराच वाटला. किडकिडीत, चौकड्यांचा शर्ट, गळ्यात दोरीला चष्मा. मला तो गलेलठ्ठ हवा होता. हसणारा हवा होता. त्याने सगळ्यांवरून नजर फिरवली, माझ्यावरूनही, आणि ती थांबली नाही.

तो म्हणाला की या विभागात पहिला धडा वर्गात होत नाही, बाहेर होतो. प्रत्येकाने कागद लावलेली पाटी आणि पेन्सिल घ्यायची, कॉलेजच्या पार्किंगमध्ये जायचं, रविवारची संध्याकाळ आहे असं समजायचं. वीस मिनिटं. प्रत्येक गाडी लिहायची. परत आल्यावर सांगायचं की कुठल्या गाडीच्या मालकाची तुम्हाला काळजी वाटते. मग तो म्हणाला, "हे मी का करून घेतो ते सांगतो. एकदा मी टॅग बघितला, तारीख बघितली नाही. गाडीतून उतरलो नाही. एक जण गेला. सव्वीस वर्षांचा होता." एवढंच. पोरांनी माना हलवल्या. टेसाने तर हात छातीशी नेला. माझ्या कानात रक्त वाजत होतं. कारण त्याने ते नीट सांगितलं होतं. दर वर्षी सांगून सांगून त्या वाक्यांचे कंगोरे घासून गेले होते, कुठे अडखळणं नाही, कुठे थुंकी गिळणं नाही. माझा हॉलिस याच्या पहिल्या तासाचा धडा झाला होता. दर एप्रिलला हा त्याला बाहेर काढतो, वीस पोरांना दाखवतो आणि परत ठेवून देतो. मी तिथेच उठून ओरडणार होते. पण सगळे पाट्या घ्यायला उठले आणि त्या गर्दीत माझ्याही हातात कुणीतरी पाटी दिली.

मग मी ठरवलं की दाखवते. अकरा वर्षं मी हेच करते, या पोरांच्यात आणि त्या माणसात मिळून तेवढ्या गाड्या कुणी वाचल्या नसतील. मी पहिल्या रांगेपासून सुरुवात केली. प्रत्येक गाडीशी वाकले, काचेला हाताची सावली धरून आत पाहिलं. लहान मुलाची खुर्ची, सीटवर औषधाची पिशवी, वाहनपरवाना संपून दोन महिने. एका गाडीखाली कोरडी जमीन, म्हणजे सकाळच्या सरीआधीपासून उभी. एकीच्या चाकांवर वाळू नाही, म्हणजे कित्येक दिवस हललेली नाही. पोरं घोळक्याने फिरत होती, एकमेकांचं बघून लिहीत होती. टेसा माझ्या मागे मागे आली आणि म्हणाली, तुम्ही हे आधी केलंय. मी म्हटलं, रोज. आणि त्या वीस मिनिटांत, मान्य करते, मला राग आठवलाच नाही. माझे डोळे काम करत होते, हात लिहीत होता, आणि मला बरं वाटत होतं. पाटीवर एकतीस गाड्या झाल्या. वाळू नसलेली ती निळी व्हॅन, तिच्याबद्दल मी सांगणार होते, आणि मग त्याला सगळ्यांसमोर विचारणार होते की चार मिनिटांत दोन पायवाटा कशा होतात.

आत आल्यावर पोरांनी आपापलं सांगितलं. कुणी पंक्चर झालेली गाडी म्हणालं, कुणी काच उघडी राहिलेली. प्रूइटने प्रत्येकाचं ऐकून घेतलं. मी हात वर करणार इतक्यात तो म्हणाला, "एक गाडी कुणीच सांगितली नाही. तिसरी रांग, शेवटून दुसरी. राखाडी सुबारू. आरशाला आपला पाहुण्यांचा टॅग आहे, रंग बरोबर, जागा बरोबर. तारीख मागच्या वर्षीच्या एप्रिलची, मी येताना वाचली."

मी पाटीकडे पाहिलं. एकतीस. तिसऱ्या रांगेत मी शेवटची गाडी लिहिली होती आणि शेवटून तिसरी. मधली लिहिली नव्हती. स्वतःची गाडी कोण लिहितं? तो हिरवा कागद वर्षभर माझ्या नाकासमोर हलत होता, मी रोज त्याच्या बाजूने रस्ता बघत होते. सकाळी मी एका माणसाचा टॅग फाडला आणि तीच मी माझ्या टॅगाखाली बसून इथवर आले होते. हॉलिसची बहीण. त्याचाच गालिचा, एका कागदाचा. माझी मान तापली, आणि पहिल्यांदा तो ताप कुणाकडे फेकावा ते कळेना.

प्रूइट अजून बोलत होता. त्याने गाडीचा नंबर सांगितला. हातात कागद नव्हता, चष्मा छातीवर लोंबत होता, खिडकीतून तिसरी रांग दिसत नाही. त्याने तो नंबर तोंडपाठ सांगितला, सहाही अक्षरं, आणि या वेळी त्याचा आवाज मध्येच एकदा अडकला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. आल्यापासून त्याला माहीत होतं.

"मागच्या वर्षीही ही गाडी इथे होती," तो म्हणाला. "दीड तास. आत एक बाई बसली होती. मी वरच्या खिडकीतून बघत होतो."

वर्गात कुणालाच काही कळत नव्हतं. टेसा माझ्याकडे बघत होती. मी उभी राहिले. वर्षभर, तीन वर्षं घोटून ठेवलेली भाषणं माझ्यापाशी होती, त्यातलं एकही आलं नाही.

"म्हणजे परत बघितलीत," मी म्हटलं. "आणि परत आला नाहीत."

तो म्हणाला, "नाही आलो." कारण सांगितलं नाही, पावसाचंही नाही, आणि माफीही मागितली नाही. मागितली असती तर मी पाटी फेकून मारली असती. मी माझी पर्स उचलली आणि बाहेर पडले.

गाडीत बसल्यावर पहिल्यांदा तो हिरवा टॅग ओढून काढला. फाडला नाही. पर्समधल्या झेरॉक्सच्या आत घातला, प्रूइटच्या ओळीला चिकटून माझी ओळ. शेजारच्या सीटवर कागदातली लेफ्सा थंड झाली होती. ती मी खाल्ली, सगळी. साडेचार वाजत आले होते. आई म्हणाली होती टोपी टाळक्यात हाणायचीय. हो, हाणायचीय. पण बिल्ला लावून कुठल्या तरी लांबच्या पार्कात कुणा दाढीवाल्याला अडवून ती याच्या टाळक्यात बसणार नव्हती. याला त्यातलं काही कळलंही नसतं. हा इथे बसून दर एप्रिलला हॉलिसला बाहेर काढत राहिला असता, वाक्यं आणखी गुळगुळीत होत गेली असती. मी अर्ज काढून स्टिअरिंगवर ठेवला. शोध-बचावच्या चौकोनावर खूण केली, इतकी दाबून की कागद फाटता फाटता राहिला. दोन वर्षं. रोज सकाळी आठ वाजता, पहिल्या बाकावर. पुढच्या एप्रिलला त्याला ती वाक्यं माझ्यासमोर म्हणावी लागतील, त्याच्या पुढच्याही एप्रिलला, आणि मी बघेन कशी म्हणतो ते. आणि मधल्या सगळ्या दिवसांत मला जे येतं ते मी करेन, वाकून बघेन, कारण त्यात मला बरं वाटलं होतं, आणि ते मी नाकारणार नाही, त्याच्यासाठी तर मुळीच नाही.

सही करत असताना काचेवर टकटक झाली. मी मान वर केली नाही. बूट दिसले, चौकड्यांच्या शर्टाची कड दिसली. तो चालत आला होता, इमारतीपासून तिसऱ्या रांगेपर्यंत, एवढंसं अंतर, तीन वर्षं आणि दीड तास उशिरा. बाहेर भुरभुर सुरू झाली होती. मी त्याला उभं ठेवलं. आईचं नाव लिहायची जागा होती तिथे आईचं नाव लिहिलं, सावकाश, सुटं सुटं. त्याने पुन्हा टकटक केली नाही, गेलाही नाही. त्याचे खांदे ओले झालेले बाजूच्या आरशात दिसत होते. मग मी शेवटची ओळ भरली, काच चार बोटं खाली केली आणि फटीतून कागद बाहेर सरकवला.

"तारीख वाचून घ्या," मी म्हटलं.

त्याने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पावसात उभा राहून ती वाचली, मोठ्याने.